मामांच्या वखारीतलं घुबड आणि माळ्यावर साठलेलं तीस वर्षांचं जेवण

२०२२ च्या मे महिन्यात मामांचा फोन आला, "अरे वखार पाडायलोय, माळ्यावर तुझ्या त्या घुबडाची घाण बुट्ट्या-बुट्ट्यानं पडल्या, पायजे असली तर या आठवड्यात ये, न्हाईतर जेसीबी सांगितलाय." मी झूलॉजी शिकवतो, त्यामुळे घरात मेलेलं, सडलेलं, हाडकं असलेलं काहीही सापडलं की फोन मलाच येतो. पण या फोनची वाट मी खरं तर बरीच वर्षं बघत होतो.

वखार निपाणीपासून जवळ, वेदगंगेच्या अंगाला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दिवाळीच्या आधी घुबडं शोधत फिरणारी माणसं आमच्याकडेही येतात, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे हे माहीत असूनही येतात. आजोबांनी तंबाखूसाठी बांधलेली जुनी वखार, जाड भिंती, मंगलोरी कौलं, आत लाकडी फळ्यांचा माळा आणि आढ्याजवळ एक झरोका. त्या झरोक्यातून गव्हाणी घुबड आत-बाहेर करायचं. बदामासारखा पांढरा चेहरा, पोट फिक्कट, रात्री कर्कश ओरडणार, त्यामुळे गडीमाणसं संध्याकाळनंतर माळ्यावर जायची नाहीत. हुक्केरीकडचा एक हमाल होता, तो वर बघून नुसतं "गूबी" म्हणायचा, म्हणजे कानडीत घुबड, आणि थुंकायचा.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. घुबड उंदीर शक्यतो अख्खाच गिळतं. मांस पचतं, पण केस आणि हाडं पोटात एकत्र दाबली जाऊन त्याची गोळी होते आणि ती तोंडावाटे बाहेर टाकली जाते. ही विष्ठा नव्हे, हे मामींना मी आजवर किमान दहादा सांगितलंय. तिला पेलेट म्हणतात. घार, ससाणा वगैरेंच्या पोटातलं अॅसिड जास्त तीव्र असतं, त्यांच्या गोळीत हाडं विरघळून जातात, घुबडाच्या पोटात ती बरीचशी शाबूत राहतात, आणि गव्हाणी घुबडाची तर कवटीसकट मिळतात. दिवसाला साधारण एक-दोन गोळ्या, त्याही बहुतेक त्याच जागी बसून. म्हणजे एखादं घुबड एकाच वखारीत पिढ्यान् पिढ्या राहिलं तर त्याच्या जेवणाची वही आपोआप खाली पडत जाते. अमेरिकेत युटामध्ये होमस्टेड केव्ह म्हणून गुहा आहे, तिथे घुबडांच्या गोळ्यांतली हाडं सुमारे १३ हजार वर्षं थरावर थर साठलीत आणि त्यावरून त्या भागातले छोटे सस्तन प्राणी हवामानाबरोबर कसे बदलत गेले ते काढलंय. आमच्याकडे १३ हजार नव्हेत, फार तर तीस-पस्तीस वर्षं असतील, पण आमच्या शिवारात या तीस वर्षांत जे झालंय ते काही कमी नाही.

काय झालं ते थोडक्यात सांगतो. निपाणी म्हणजे तंबाखू. १९८१ चं तंबाखूच्या भावाचं आंदोलन, शेतकरी संघटनेचे शरद जोशी, हायवेवर बसलेले शेतकरी, गोळीबार, हे सगळं आमच्या घरात अजून कालच झाल्यासारखं बोलतात. तेव्हा माळरानाला तंबाखू, शाळू, भुईमूग, हद्दीवर बाभळी आणि मध्ये मध्ये पडीक. नंतर पाणी आलं, कुठे नदीवरून लिफ्ट, कुठे बोअर, मग सोयाबीन आलं आणि ऊस तर सगळीकडेच. कारखान्यांच्या टोळ्या आता दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत गावात असतात. मामांनी वखारीत तंबाखू ठेवणं २००६ मध्ये थांबवलं, शेवटच्या बोदाची नोंद त्यांच्या वहीत आहे. ती तारीख लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

माझ्याकडे आधीपासून एक जुना डबा होता. १९९४ ला मी आठवीत असताना विज्ञान प्रदर्शनासाठी याच माळ्यावरून गोळ्या गोळा केल्या होत्या, तरुण भारतच्या कागदात गुंडाळून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या, वर तारीख छापलेलीच. प्रदर्शनात बक्षीस मिळालं नाही, पण आईनं डबा टाकला नाही. आता कुणालाही वाटेल की काम सोपं आहे, १९९४ चा डबा एका बाजूला, २०२२ च्या ताज्या गोळ्या दुसऱ्या बाजूला, कवट्या मोजा, फरक लिहा, झालं. मीही तेच केलं. आणि इथेच माझी पहिली चूक झाली.

डब्यात घुशी जास्त निघाल्या, २०२२ च्या गोळ्यांत तुलनेनं कमी. म्हणजे घूस कमी झाली की काय? ऊस वाढला आणि घूस कमी झाली? शेतातला कुठलाही माणूस यावर हसेल. मामा हसलेच, "आमच्या बांधावर येऊन बघ की, पाय ठेवला तर गुडघ्यापतोर आत जातोय." दोन दिवस डोकं खाजवत बसलो आणि मग आठवलं की आठवीतल्या पोरानं गोळ्या कशा उचलल्या असतील. त्यानं मोठ्या, चकचकीत, न फुटलेल्या, प्रदर्शनात छान दिसतील अशाच उचलल्या! मोठा उंदीर तर मोठी गोळी. फुटलेल्या, भुगा झालेल्या, बारक्या, सगळ्या मी तिथेच सोडून आलो होतो. म्हणजे त्या डब्यात १९९४ चं घुबड काय खात होतं ते नव्हतं, १९९४ च्या मला काय आवडलं तेवढंच होतं. डबा बाजूला ठेवला. वाईट वाटलं, पण ठेवला.

मग माळ्यावर चढलो. एका कोपऱ्यात, बरोबर झरोक्याच्या समोरच्या तुळईखाली ढीग होता, साधारण गुडघ्याएवढा उंच, कुणी कधी न उकरलेला. वरच्या बाजूला ताज्या काळपट गोळ्या, त्याखाली करडा चुरा, आणि सगळ्यात खाली नुसती हाडं, केस जवळजवळ नाहीतच. केस गेले कुठे तर कसरीनं खाल्ले, लोकरीच्या कपड्यांना लागते तीच जात, तिच्या अळ्या गोळीतले केस खाऊन टाकतात आणि हाडं मोकळी होतात. मास्क लावला होता, हातात ग्लोव्हज, उंदीर-घुशीचं जिथं काही आहे तिथं हे हवंच, आणि तरी अर्ध्यावर खणत गेल्यावर शिंका सुरू झाल्या, त्याही अशा की खालून मामी विचारायला लागल्या काय झालं म्हणून. तंबाखू! खालच्या थरात हाडांच्या मध्ये तंबाखूचा तपकिरी भुगा मिसळलेला होता. वरच्या थरात तो अजिबात नाही. म्हणजे ढिगात आपोआप एक रेघ ओढलेली होती, रेघेच्या खाली २००६ च्या आधीचं घुबड आणि रेघेच्या वर नंतरचं. मामांची वही आणि माझं नाक, दोन्ही एकाच तारखेला येऊन थांबले. आजवर इतकं छान डेटिंग मी कुठल्याच लॅबमध्ये केलेलं नाही.

रेघेच्या आसपासचा वीतभर थर मी वेगळ्याच पिशवीत भरला आणि मोजलाच नाही, कारण भुगा थोडाफार खाली-वर सरकतोच, घुशी-उंदीर स्वतःच ढीग उकरतात. खालचं ते खालचं, वरचं ते वरचं, मधलं सोडून द्यायचं.

घरी आल्यावर ताज्या गोळ्या पाण्यात भिजवून सोडवल्या. केस फार घट्ट असतील तर कॉस्टिक सोड्याच्या पातळ पाण्यात ठेवतात, केस विरघळतात, हाडं राहतात, पण जास्त वेळ विसरलात तर हाडंही ठिसूळ होतात. मी एक वाटी विसरलो होतो, सांगून टाकतो. मग चिमटा, भिंग आणि बायकोची रांगोळीची चाळण, आता ती परत मागत नाही.

ओळखायचं कसं? सगळं दातांवर. चिचुंद्री मुळात उंदीरच नाही, तिच्या जबड्यात पुढच्या दातांपासून दाढांपर्यंत टोकदार दातांची सलग रांग असते, उंदराच्या तोंडात पुढचे पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा असते, शाळेतलं पोरगंही दहा मिनिटांत शिकतं. घुशीची कवटी मोठी, पटाशीचे दात रुंद, दाढांवर आडव्या पट्ट्या. माळावर एक उंदीर असतो, लांब शेपटी, टोकाला काळसर केसांचा झुपका, उजेड पडला की लांब उड्या मारत पळणारा, इंग्रजीत त्याला जर्बिल म्हणतात. त्याच्या वरच्या पटाशीच्या दातांवर उभी खाच असते. पण सावधान, झुडपी उंदराच्या म्हणजे गोलुंडाच्या दातांवरही खाच असते, त्यामुळे नुसती खाच बघून निकाल देऊ नका, दाढा बघा. मऊ केसांचा शेतउंदीर मधल्या आकाराचा, आणि सगळ्यात बारका शेतातला छोटा उंदीर, मुस बूडुगा, ज्याचं वजन दहा ग्रॅमच्या आसपास आणि कवटी करंगळीच्या पेरावर बसेल एवढी.

मोजायचं कवट्यांवरून आणि खालच्या जबड्यांवरून. उजवे जबडे वेगळे, डावे वेगळे, त्यातला जो आकडा मोठा तेवढे किमान जीव, दोन्हींची बेरीज करायची नाही. ही बेरीज करून ठेवलेले प्रोजेक्ट मी स्वतः तपासलेत. अजून एक, मोठी शिकार असली तर घुबड कधी कधी डोकं आधीच तोडून टाकतं, मग गोळीत कवटीच येत नाही, म्हणून मोठ्या प्राण्यांसाठी मांडीची आणि कमरेची हाडंही बघावी लागतात, नाहीतर घूस कमी मोजली जाते.

आता निघालं काय. टक्क्यांचा तक्ता मुद्दाम देत नाही, एका वखारीचा ढीग आहे, उद्या कुणीतरी तो "सीमाभागातल्या घुबडांचा आहार" म्हणून पुढे ढकलेल. पण चित्र स्पष्ट आहे. खालच्या, तंबाखूच्या थरात जर्बिल भरपूर, मऊ केसांचा शेतउंदीर आणि बारका छोटा उंदीर खूप, घूस थोडी, चिचुंद्री थोडी. वरच्या थरात जर्बिल जवळजवळ गायब, छोटा उंदीर घटलेला, आणि घूस, चिचुंद्री, घरउंदीर हे तिघे मिळून बाकी सगळ्यांना भारी.

बरं, हा फरक तरी खरा की परत माझीच काहीतरी गफलत? माळ्याच्या फळ्यांमध्ये फटी आहेत. बारक्या उंदराची कवटी त्या फटीतून खाली पडणार, घुशीची पडणार नाही. खाली जमिनीवरचा केर झाडून बघितला तर तसंच, बारक्या कवट्यांचा खच. आणि फळ्यांना लागून कुठला थर असतो? सगळ्यात खालचा, जुना. म्हणजे जुन्या थरातूनच बारके उंदीर जास्त हरवलेत, आणि हरवूनसुद्धा जुन्या थरात तेच जास्त आहेत. चूक झालीच असेल तर ती माझ्या निष्कर्षाच्या विरुद्ध बाजूला झाली, त्यामुळे फरक आहे त्याच्यापेक्षा कमीच दिसतोय. डब्याच्या वेळी हेच उलटं होतं, तिथे चुकीनंच निकाल तयार केला होता. या दोन प्रकारच्या चुकांमधला फरक आमच्या पोरांना एकदा समजला तर बाकी स्टॅटिस्टिक्स मी माफ करीन.

अजून एक शंका, ढिगात पिंगळ्याच्या गोळ्या तर नाहीत ना. वखारीत पिंगळाही बसतो. पण पिंगळ्याच्या गोळ्या लहान असतात आणि त्यात किड्यांचे तुकडे, भुंग्यांचे चमकते पंख खूप. तशा थोड्या सापडल्या, दुसऱ्याच तुळईखाली, त्या काढून टाकल्या.

कारणांकडे येतो, आणि इथे माझं मत आहे, ते मत म्हणूनच घ्या. जर्बिलला कोरडी, उघडी, भुसभुशीत जमीन लागते, बिळात पाणी चाललेलं त्याला परवडत नाही. पाट आले, ठिबक आलं, पडीक गेलं, की त्याचं घर गेलं. घुशीचं नेमकं उलटं, तिला ओल आणि जाड बांध आवडतो, पाण्याखालच्या पिकांत ती वाढते, ऊस तर वर्षभर उभं राहणारं जेवणाचं ताट. इथपर्यंत सगळे मान्य करतात. पण मला वाटतं निम्मी गोष्टच इथे संपते. घुबड शेतात किती उंदीर आहेत ते मोजत नाही, त्याला जे सापडतं ते खातं. गव्हाणी घुबडाचे दोन्ही कान एका उंचीवर नसतात, त्या किंचित फरकामुळे पूर्ण अंधारात नुसत्या सळसळीवरून उंदराची जागा त्याला कळते, पण उंच उसाच्या आत शिरून ते पकडणार कसं? ते बांधावर, पाटाच्या कडेला, रस्त्यालगत आणि तोडणी झालेल्या फडात मारतं. शाळू-भुईमुगाच्या काळात सगळं शिवार त्याला उघडं होतं. आता उघड्या जागा कमी, आणि गाव मात्र वखारीच्या तीन बाजूंनी वाढलं, गोठे, कोंबड्या, गटारं, त्यामुळे चिचुंद्री आणि घरउंदीर दाराशीच. म्हणजे वरच्या थरातली चिचुंद्री शेत बदलल्याची खूण नाही, गाव वाढल्याची आहे. छोटा उंदीर घटलाय तोही शेतात खरंच घटलाय की उसाच्या आड लपलाय, हे ढीग सांगू शकत नाही. त्यासाठी पिंजरे लावावे लागतील.

असं इतरत्रही दिसलंय. ब्रिटनमध्ये १९७४ सालच्या आणि नंतर १९९० च्या दशकातल्या गव्हाणी घुबडांच्या आहाराची देशभराची तुलना झाली, त्यात तिथल्या नेहमीच्या श्रूचा, म्हणजे आपल्या चिचुंद्रीच्या नातेवाइकाचा, वाटा घटलेला निघाला, आणि तिथेही बोट शेतीतल्या बदलांकडेच गेलं. आपल्याकडे चिचुंद्री वाढतेय आणि तिकडे श्रू घटतेय, कारण आपली चिचुंद्री माणसाच्या घरात सुखानं राहते, त्यांची नाही. नाती सारखी असली तरी स्वभाव वेगळे.

वजनाचा हिशोबही करून बघितला. एक मोठी घूस दोनशे-तीनशे ग्रॅमची, म्हणजे एका घुशीत वीस-तीस छोटे उंदीर. डोकी मोजली तर घुबडाचा आहार "घटला", वजन केलं तर उलट जेवण जड झालंय. फक्त वरच्या थरातल्या घुशी बहुतेक पोरसवदा आहेत, दाढा न झिजलेल्या, कवटीचे सांधे न जुळलेले. पूर्ण वाढलेली घूस घुबडाच्या स्वतःच्या वजनाच्या निम्म्यापर्यंत सहज जाते, शिवाय चावते, तिच्या वाटेला ते सहसा जात नाही. म्हणून घुबड ठेवलं की उसातली घूस संपते असं जे सांगत फिरतात त्यांनी जरा हळू बोलावं. मलेशियात पाम तेलाच्या बागांत आणि इस्राएलमध्ये शेतात घुबडांसाठी पेट्या लावल्यात, तिथे उपयोग होतो, पण तिथले उंदीर वेगळे, पीक वेगळं.

मध्ये एक पूर येऊन गेला तेही सांगायला हवं. ऑगस्ट २०१९, वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा सगळ्याच फुगलेल्या, यमगर्णीला हायवेवर पाणी. वखार उंचावर म्हणून वाचली. त्या वर्षी सप्टेंबरात मी सहज चार-पाच ताज्या गोळ्या आणल्या होत्या, त्यात बेडकाची हाडं, चिमण्यांच्या चोची आणि चिचुंद्र्या, घूस एकही नाही. बिळं बुडाली, जे वाचले ते उंचावर पळाले. पुढच्या उन्हाळ्यात घुशी परत गोळीत दिसायला लागल्या. हे इतकं पटकन होतं की ढिगात त्याचा पत्ताही लागत नाही, ढीग सगळं घुसळून सरासरी दाखवतो. २०२१ च्या जुलैत परत पूर आला तेव्हा मी आजारी होतो, गोळ्या आणल्या नाहीत.

विषाचा मुद्दा लांबवत नाही. आमच्याकडे झिंक फॉस्फाईड पिठाच्या गोळीत घालतात, त्यानं उंदीर लवकर मरतो. ब्रोमाडिओलोनचा केक खाल्लेला उंदीर मात्र काही दिवस जिवंत, मंद, उघड्यावर फिरत राहतो, घुबडाला आयताच मिळतो, आणि विष त्याच्या यकृतातून पुढे घुबडात जातं. वरच्या थरात घूस वाढण्यात याचाही थोडा हात असू शकतो, मेलेल्या हाडावरून ते कळत नाही. मामांना मी केक बंद करायला सांगितलं, ते म्हणाले, "आणि सोयाबीन तू भरून देणार हायस व्हय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वखार शेवटी पाडली, पण जूनच्या शेवटी. मी वर चढून बघितलं होतं, अंडी-पिल्लं काही नव्हती, तरी मामांनी स्वतःहून महिनाभर थांबवलं, म्हणाले लक्ष्मीचं वाहन आहे, मुहूर्त बघून पाडू. जेसीबीवाल्यानं दोन दिवसांचं भाडं बुडालं म्हणून शिव्या दिल्या. बाजूच्या शेतातल्या जुन्या चिंचेवर मी लाकडी पेटी बांधली, घुबडानं तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही आणि ते थेट गावच्या पाण्याच्या टाकीखाली जाऊन बसलं. तिथे आता हायस्कूलची चार पोरं दर रविवारी जातात. त्यांना एकच नियम घालून दिलाय, मोठी-बारकी, अख्खी-फुटकी, चकचकीत-घाण, जे पडलंय ते सगळं उचलायचं, पाकिटावर तारीख, आणि काहीच नसेल तर "काही नाही" असं लिहून रिकामं पाकीटही ठेवायचं. पहिल्या रविवारच्या पाकिटात दोन चिचुंद्र्या, एक घरउंदीर आणि कोंबडीच्या पिल्लाचा पाय निघाला. तो पाय कुणाच्या कोंबडीचा ते पोरांना माहीत आहे, पण गावात सांगायचं नाही असं त्यांनी आपापसात ठरवलंय.